संसर्गाचं वय

पूर्वी रिपोर्ट आला की माणसं आधी आजाराचं नाव वाचायची. आता सगळ्यांची बोटं सरळ शेवटच्या ओळीवर जायची. त्या ओळीत संसर्गाचं वय असायचं.

सुनेत्रा हविनाळे हे वर्षभर बघत होती. सोलापुरात सात रस्ता चौकाजवळ डॉ. मळगे यांची लॅब होती आणि तिथल्या सूक्ष्मजीव विभागाची ती प्रमुख होती. स्त्रियांच्या लैंगिक संसर्गाच्या सगळ्या चाचण्या तिच्या हाताखालून जायच्या, तिच्या सहीशिवाय एकही रिपोर्ट बाहेर पडत नसे. त्या दिवशी सकाळी काउंटरवर एक बाई उभ्या होत्या. मागे त्यांची सून, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत.

"मॅडम, आजाराचं राहू द्या हो. तो गोळ्यांनी जाईल. तारीख कधीची निघते तेवढं सांगा."

"तारीख निघत नाही, मावशी. अंदाज निघतो."

"अंदाजच सांगा की मग. पोराच्या लग्नाच्या अलीकडचं का पलीकडचं?"

"रिपोर्ट यांचा आहे. यांनी विचारलं तर यांना सांगेन."

सुनेने विचारायच्या आधीच बाईंच्या पर्समधला मोबाइल वाजला आणि रिपोर्ट त्यांच्याच नंबरवर येऊन पडला.

हे संसर्ग बाईच्या शरीरात फार गुपचूप राहतात. क्लॅमिडियाचंच घ्या. बहुतेक बायकांना त्याने ना आग होते, ना खाज, ना ताप. जंतू गर्भाशयाच्या तोंडाशी बसतो, हळूहळू वर सरकतो आणि बीज वाहून नेणाऱ्या नळ्यांना आतून व्रण पाडत त्या बुजवून टाकतो. बाईला पत्ता लागतो तो मूल राहत नाही म्हणून तपासणीला गेल्यावर. जुन्या चाचण्या जंतू आहे की नाही एवढंच सांगायच्या. नवं यंत्र त्याच्या पुढे गेलं होतं. बाईने घरी स्वतःच घेतलेला स्वॅब आणि बोटातून काढलेला रक्ताचा थेंब, एवढं त्याला पुरे. स्वॅबवरून ते जंतू ओळखायचं, त्याच्यावर कुठलं औषध चालेल ते सांगायचं. आणि रक्तातल्या अँटीबॉडीजची पकड मोजायचं. जंतू शरीरात नवा शिरला की त्याच्याविरुद्ध घाईघाईने तयार झालेल्या अँटीबॉडीज त्याला सैल धरतात. महिने लोटतात तसं शरीर त्यांना घडवत, पारखत जातं आणि पकड घट्ट होत जाते. शेकडो प्रकारच्या अँटीबॉडीजची पकड एकदम मोजून यंत्र सांगायचं, की हा संसर्ग इतका जुना आहे.

ही सोय डॉक्टरांसाठी होती. संसर्ग ताजा असेल तर आठवडाभराच्या गोळ्या पुरतात, जुना असेल तर नळ्याही तपासून घ्याव्या लागतात. पण ती ओळ रिपोर्टवर छापली जाऊ लागली आणि डॉक्टरांची राहिली नाही. लग्न जुळवणाऱ्या संस्था ती मागू लागल्या, वकील मागू लागले. लॅबमध्ये त्या यंत्राला सगळे 'घड्याळ' म्हणू लागले. हे घड्याळ फक्त बायकांसाठी होतं. यंत्राला शिकवायला हजारो नमुने लागतात. बायकांचे दवाखान्यांमधून आपसूक जमले. पुरुषांनी दिलेच नाहीत. म्हणून पुरुषांच्या रिपोर्टवर 'आहे' किंवा 'नाही' यापलीकडे काही येत नसे.

त्या सासू-सुना गेल्यावर सुनेत्राने चहा मागवला आणि न पिताच थंड होऊ दिला. हल्ली तिचं असंच व्हायचं. खुर्चीत बसवत नसे. उगीच उठून शीतपेटीचं तापमान बघायची, धुतलेले हात पुन्हा धुवायची. दुपारी तिने सह्या उरकल्या. नमुने क्रमांकाने येत आणि सहीही क्रमांकावर होई. नावं रिपोर्ट गेल्यावर पडद्यावर उमटायची. ती सहज यादी खाली सरकवत होती आणि एका नावावर तिचं बोट थांबलं.

शिवलीला वीरेश. बार्शी.

शिवलीला म्हणजे लीला, तिची नणंद. राजशेखरची धाकटी बहीण. पुण्यात फार्मसी शिकली, तिथेच एका औषध कंपनीत नोकरीला लागली आणि चार वर्षांपूर्वी वीरेशशी लग्न करून बार्शीला गेली. वीरेशचं शेतीच्या पंपांचं दुकान होतं. नोकरी सुटली. मूल होत नव्हतं म्हणून दोघं सोलापूरच्या एका दवाखान्यात येत होती, हे सुनेत्राला माहीत होतं. त्या दवाखान्याचे नमुने आपल्याकडेच येतात हेही माहीत होतं. पण दोन्ही गोष्टी तिने कधी एकत्र ठेवून पाहिल्या नव्हत्या.

क्लॅमिडिया: आहे. संसर्गाचं अंदाजे वय: सहा ते सात वर्षं. खाली तिची स्वतःची सही.

जोडप्याच्या फाइलला नंबर वीरेशचा होता. रिपोर्ट त्याच्याकडे जाऊन तासभर झाला होता.

*

दोन दिवसांनी लीला बॅग घेऊन दारात उभी राहिली. कुणी सोडायला आलं नव्हतं. जुळे सोलापुरातल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात तिने मागच्या खोलीत बॅग ठेवली, हातपाय धुतले आणि न सांगता ज्वारीचं पीठ मळायला घेतलं.

"राहू दे गं, मी करते," सुनेत्रा म्हणाली.

"करू द्या वैनी. हाताला काम असलं की बरं वाटतं."

राजशेखर कामावरून आला. बहिणीकडे न बघता जेवला. एरवी लीला आली की तो बाहेरूनच "आमची पाहुणी कुठाय?" म्हणून ओरडत यायचा. जेवण झाल्यावर तो गच्चीवर गेला, मागोमाग सुनेत्रा गेली.

"तुमचं मशीन खोटं बोलतं का?" त्याने विचारलं.

"नाही," सुनेत्रा म्हणाली. इतकी वर्षं हेच उत्तर द्यायची तिला सवय होती. मग घाईने म्हणाली, "म्हणजे अंदाज असतो तो. थोडं मागेपुढे होतं."

"किती मागेपुढे?"

"वर्षभर."

"मग तरी लग्नाच्या आधीचंच की." त्याने कठडा घट्ट धरला. "बार्शीला काय तोंड दाखवू मी? दाजी फोन उचलत नाहीत. त्यांची आई म्हणते, पुण्याला शिकायला पाठवली तेव्हाच ओळखायला हवं होतं."

"दाजींनी स्वतःची तपासणी केली का, विचारलंस?"

"त्यांची कशाला? तारीख हिची निघालीय." मग तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "तू केलीस का गं कधी? स्वतःची?"

सुनेत्रा जिना उतरून खाली आली.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये तिने एक किट उचललं आणि बाथरूमपर्यंत गेली. कडी लावली. पाकीट फोडायला घेतलं आणि तिचा हात थांबला. आपण हे कशासाठी करतोय? तब्येतीसाठी असतं तर कधीच केलं असतं. हा पुरावा गोळा करणं चाललं होतं, कुणी नीट मागितलाही नव्हता तोवर. काउंटरवर मान खाली घालून उभी राहणारी ती सून आणि आपण यांच्यात एका प्रश्नाचंच अंतर होतं, तर. तिला स्वतःचा इतका राग आला की तिने किट जागेवर ठेवलं आणि संध्याकाळी घरी गेल्यावर राजशेखरला सरळ सांगितलं, "मी तपासणी केलेली नाही. तुला दाखवायला करणारही नाही. डॉक्टरांनी सांगितली तर करू, दोघंही करू."

"मी तसं म्हणालो नव्हतो," तो म्हणाला.

"तसंच म्हणाला होतास."

त्यानंतर घरात तिघं होती आणि बोलणं भाजी-पोळीपुरतं उरलं.

*

घड्याळाबद्दलची शंका सुनेत्राला आली ती लीलामुळेच, पण लीलासाठी नव्हे. तिला फक्त 'वर्षभर मागेपुढे' या आपल्याच शब्दांची खात्री करून घ्यायची होती. ज्या बायका उपचारानंतर पुन्हा तपासणीला आल्या त्यांचे रिपोर्ट तिने एकत्र काढले. बहुतेकींचे स्वच्छ होते. काहींना पुन्हा संसर्ग झाला होता. त्यांच्यातली पहिलीच बाई बघून तिला वाटलं, नोंदीत गडबड झालीय.

ती बाई वर्षाच्या सुरुवातीला आली तेव्हा संसर्गाचं वय निघालं होतं दोन वर्षं. गोळ्या घेतल्या, बरी झाली, मधली तपासणी स्वच्छ आली. सहा महिन्यांनी पुन्हा जंतू सापडला. म्हणजे हा नवा संसर्ग फार तर सहा महिन्यांचा. आणि घड्याळ म्हणत होतं, पाच वर्षं.

तिने दुसरी बाई काढली, मग तिसरी. सगळीकडे तेच. ज्यांना पुन्हा लागण झाली त्यांचं वय दर खेपेला वर्षानुवर्षं मागे पळत होतं.

ती उठली. खोलीत येरझाऱ्या घातल्या. खिडकीशी जाऊन उभी राहिली. खाली रस्त्यावर कुणीतरी रिक्षावाल्याशी भांडत होतं. आणि मग तिला ते उलगडलं, इतकं सरळ की आधी कसं सुचलं नाही याचंच नवल वाटावं. शरीर विसरत नाही. एकदा घडवलेल्या अँटीबॉडीज ते जपून ठेवतं. तोच जंतू पुन्हा आला की नव्या, सैल पकडीच्या अँटीबॉडीज बनवत बसत नाही. जुन्या घट्ट पकडीच्याच काढतं, त्यांना आणखी धार लावतं. ज्या बायकांवर हे घड्याळ लावून घेतलं होतं त्यांना एकदाच लागण झाली होती. पण जिला पुन्हा पुन्हा होते तिच्या बाबतीत ते काळ मोजतच नव्हतं. फेऱ्या मोजत होतं.

आणि पुन्हा पुन्हा लागण कुणाला होते? जिच्या नवऱ्याने कधी तपासणीच केलेली नाही तिला. बाई घसा दुखला, ताप आला म्हणून गोळ्या घेते, नकळत बरी होते, आणि घरातूनच तिला तो जंतू परत मिळतो. दर फेरीला तिच्या रिपोर्टवरचं वय वाढतं आणि एक दिवस लग्नाच्या पलीकडे जाऊन पोचतं. घराबाहेर पाऊल न टाकलेली बाई सगळ्यांत जास्त गुन्हेगार दिसते.

सुनेत्राने पर्स उचलली आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून तडक घर गाठलं.

लीला मागच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. सुनेत्राने धापा टाकतच सगळं सांगितलं. फार्मसी शिकलेल्या लीलाला ते दोन वाक्यांत कळलं. पण तिच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही.

"कळतंय का तुला? तू निर्दोष आहेस! मी लिहून देते, बार्शीला येऊन सांगते."

"वैनी, बसा आधी." लीलाने घडी घातलेली साडी बाजूला ठेवली. "आणि मशीन बरोबर असलं तर?"

"म्हणजे?"

"पुण्यात एक जण होता. कंपनीतलाच. दोन वर्षं आम्ही बरोबर होतो. लग्न करायचं ठरवलं होतं, त्याच्या घरच्यांनी ऐकलं नाही आणि तोही मग ऐकेनासा झाला." ती हळू बोलत होती, पण अडखळत नव्हती. "मला त्याच्याकडून मिळालं असेल. ह्यांच्याकडून मिळालं असेल. मला ठाऊक नाही. तुमच्या मशीनलाही ठाऊक नाही. आता सांगा, अजूनही तुम्ही बार्शीला येणार का?"

रिक्षात बसून येताना सुनेत्राच्या मनात जो आनंद उसळत होता तो नेमका कसला होता, हे तिला आत्ता दिसलं. लीला चांगली ठरली होती, म्हणून ती पळत आली होती. ठरली नसती तर ती लॅबमध्येच बसून राहिली असती.

"मी तुम्हाला एकच विचारते," लीला म्हणाली. "माझ्या नळ्या उघड्या आहेत का?"

"दवाखान्यात तपासलं नाही?"

"ते म्हणाले, आधी नवऱ्याला घेऊन या, मग दोघांना बरोबर गोळ्या सुरू करू. नवरा आला नाही."

"म्हणजे तू अजून गोळ्यासुद्धा..."

"कुणी लिहून दिल्या नाहीत. मी औषधं शिकले, पण स्वतःच स्वतःला लिहून द्यायची नसतात ना." लीला हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "सगळे तारीख विचारतात हो वैनी. जंतू अजून आतच बसलाय."

त्या संध्याकाळी सुनेत्रा तिला आपल्या ओळखीच्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे घेऊन गेली. गोळ्या सुरू झाल्या. त्या संपल्यावर नळ्यांमध्ये रंग सोडून एक्स-रे काढला. टेबलावर लीलाने सुनेत्राचा हात इतका आवळला की बोटांचे वळ उठले. पडद्यावर पांढरा रंग गर्भाशयातून वर चढला. डावीकडे मध्येच अडकला. उजवीकडे बारीक दोऱ्यासारखा पुढे गेला आणि टोकाशी धुरासारखा पसरला.

"एक उघडी आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "एक पुरते."

*

डॉ. मळग्यांनी सुनेत्राचं सगळं ऐकून घेतलं. ते मूर्ख नव्हते आणि वाईटही नव्हते. त्यांनी आकडे दोनदा पाहिले.

"खरं आहे तू म्हणतेस ते," ते म्हणाले. "कंपनीला कळवू."

"तोवर ती ओळख छापायची नाही, सर. ओळ, म्हणजे वयाची ओळ." ती इतकी अस्वस्थ होती की शब्द जिभेवर घसरत होते.

"सुनेत्रा, निम्मे लोक त्या ओळीसाठीच येतात. आपण काढली तर समोरच्या लॅबमध्ये जातील. तिथे तीच ओळ मिळेल, तेच मशीन आहे. मग कुणाचं भलं झालं?"

"माझी सही तरी त्याखाली असणार नाही."

"बघ बाई. सही करायला मला दुसरं कुणी मिळेल."

"मिळेल, सर."

तिने लगेच राजीनामा दिला नाही. सह्या थांबवल्या. चार दिवस रिपोर्ट तुंबले, फोन वाजत राहिले आणि मग एक तरुण मुलगा नव्या सहीसह तिच्या खुर्चीत येऊन बसला. सुनेत्राने आपल्या निरीक्षणांचा सविस्तर अहवाल बायकांची नावं काढून चाचण्यांना मान्यता देणाऱ्या समितीकडे पाठवला आणि रेल्वे लाइन्स भागातल्या एका छोट्या धर्मादाय रुग्णालयाच्या लॅबमध्ये काम धरलं. तिथे जुनी चाचणी होती. आहे किंवा नाही, एवढंच सांगणारी.

बार्शीची मंडळी रविवारी दुपारी आली. वीरेश आणि त्याची आई गुरुबाई. राजशेखरनेच बोलावलं होतं. सुनेत्राने घड्याळाबद्दल त्याला सांगितलं तेव्हापासून त्याच्या अंगात पुन्हा जीव आला होता. बहिणीशी तो अजून धड बोलत नव्हता, पण बाजारातून तिच्या आवडीची शेंगाची पोळी घेऊन आला होता.

सुनेत्राने समजावून सांगितलं. कोणाचं नाव न घेता, फक्त यंत्र कुठे चुकतं ते. वीरेश मान खाली घालून ऐकत होता. गुरुबाईंनी पहिल्यांदा कपाळाला आठ्या घातल्या, मग त्या हळूहळू सैल झाल्या.

"म्हणजे मशीनच खोटं म्हणा की!" त्या म्हणाल्या. "मी ह्याला म्हणतच होते, आपली लीला तसली नाही म्हणून. चल पोरी, आवर. झालं गेलं विसरून जाऊ."

राजशेखरने मोठा श्वास सोडला. "मी चहा टाकायला सांगतो."

"थांब अण्णा," लीला म्हणाली. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. "मशीन खोटं निघालं, म्हणून मी खरी झाले का, आई?"

"असं काय बोललालीस? तुझ्याच बाजूनं बोलतोय की आम्ही."

"मशीन उद्या दुरुस्त होईल. मग परत ही बॅग भरायची का मी?" लीला पुढे येऊन वीरेशच्या समोर बसली. "तुम्हाला मी सांगते. मशीन नाही, मी. लग्नाच्या आधी माझं एकाशी होतं. दोन वर्षं. ते संपलं आणि मग तुमचं स्थळ आलं. त्यानंतर दुसरं कुणी नाही. हा आजार कुठून आला ते मला माहीत नाही. मी गोळ्या घेतल्यात, मी बरी होईन. तुम्ही तपासणी केली नाहीत तर तो मला परत होईल, एवढं मात्र पक्कं माहीत आहे."

राजशेखर खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता. गुरुबाईंनी तोंडावर पदर घेतला.

"ऐकलंस?" त्या वीरेशला म्हणाल्या. "ऊठ. आता इथलं पाणी नको."

वीरेश उठला. दारापर्यंत गेला, वळला, काहीतरी बोलायचं म्हणून तोंड उघडलं आणि न बोलताच आईच्या मागोमाग जिना उतरला.

"काय गरज होती गं?" राजशेखर ओरडला. "सगळं नीट होत होतं! काय गरज होती?"

"नीट होत नव्हतं अण्णा. झाकलं जात होतं."

तो तावातावाने बाहेर पडला. पुष्कळ वेळाने परत आला तेव्हा लीला ओट्याशी भांडी घासत होती. त्याने तिच्या हातातली कढई काढून घेतली आणि स्वतः घासू लागला. सुनेत्रा आतल्या खोलीतून ते बघत होती. लग्नाला दहा वर्षं होत आली होती. कढई घासणारा राजशेखर तिने पहिल्यांदाच पाहिला.

*

वीरेश रुग्णालयात आला तो कामाच्या दिवशी, एकटाच. सुनेत्राची नवी लॅब शोधत शोधत आला असावा. शर्ट घामाने पाठीला चिकटला होता.

"वैनी, पुरुषांची करता का इथं?"

"करतो. लघवीचा नमुना लागतो. अर्ध्या दिवसात कळतं."

तो बाकावर बसून राहिला. बाहेर जाऊन आला, पुन्हा बसला. मोबाइल काढायचा, खिशात ठेवायचा. दुपारी सुनेत्राने त्याला आत बोलावलं.

"आहे," ती म्हणाली. "आठवडाभराच्या गोळ्या. डॉक्टर लिहून देतील. मधे सोडायच्या नाहीत."

"मला काहीच त्रास नाही पण."

"तिलाही नव्हता."

वीरेशने मान हलवली. मग दाराकडे बघत, हलक्या आवाजात विचारलं, "म्हणजे माझ्याकडून तिला, का तिच्याकडून मला?"

"हे सांगणारी चाचणी नाही, दाजी. मोठमोठ्या मशीनलाही ते सांगता येत नाही."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं गोळ्या वेळेवर घ्याव्यात."

तो हसला नाही. रिपोर्टच्या पाकिटाची कड त्याने दुमडली, उलगडली. "दुकानाच्या मालासाठी आम्ही मुंबईला जायचो. लग्नाच्या आधी, नंतरही एकदा. रात्री तिथल्या बायकांकडे सगळेच जायचे, मीही गेलो." तो घुटमळला. "त्या दिवशी ती बोलली ना, तेव्हा मलाही बोलायचं होतं. आई समोर होती."

"आता आई समोर नाही."

"तिला सांगू का मग?"

सुनेत्रा आपल्या परीने खूप काही सांगू शकली असती. इतकी वर्षं तिने बायकांना त्यांच्याबद्दलची उत्तरं दिली होती, विचारली नसताना दिली होती, दुसऱ्यांच्या मोबाइलवर धाडली होती. "ते तुमचं तुम्ही ठरवा," ती म्हणाली. "माझ्याकडून हा रिपोर्ट कुणालाही जाणार नाही. तिलासुद्धा."

त्याने तिला सांगितलं. सिद्धेश्वर तलावाच्या कठड्यावर बसून, एवढंच लीलाने नंतर सुनेत्राला सांगितलं. काय बोलणं झालं ते सांगितलं नाही, सुनेत्राने विचारलं नाही.

तीन महिन्यांनी दोघांच्या फेरतपासण्या स्वच्छ आल्या. मधल्या काळात समितीने संसर्गाच्या वयाची ओळ रिपोर्टवरून काढून फक्त उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे पाठवण्याचा आदेश काढला होता. लोक आता डॉक्टरांच्या मागे लागत होते. कंपनीने यंत्र सुधारायला घेतलं होतं आणि यंत्र सुधारल्यावर काय होईल या विचाराने सुनेत्राची अस्वस्थता काही कमी झाली नव्हती.

लीलाला पुण्याच्या एका रुग्णालयात औषध विभागात नोकरी मिळाली. निघायच्या दिवशी राजशेखरने तिची बॅग उचलून स्टँडवर आणली. वीरेश आधीच येऊन थांबला होता, हातात पाण्याची बाटली आणि शेंगाचटणीचं पुडकं. तो राजशेखरला नमस्कार करून बाजूला उभा राहिला. आई अजून बोलत नव्हती, दुकान सोडवत नव्हतं, असं काहीबाही सुनेत्राला सांगत होता. खरं बोलायचं त्याला दुसऱ्याच कुणाशी होतं.

पुण्याची गाडी लागली. लीला खिडकीपाशी बसली. वीरेश खिडकीखाली आला.

"घरी कधी येशील?" त्याने विचारलं.

"मला अजून माहीत नाही," लीला म्हणाली. "खोटं कशाला सांगू?"

त्याने मान हलवली. चालकाने गाडी सुरू केली. धूर आला, माणसं बाजूला झाली. वीरेश गाडीबरोबर चार पावलं चालला.

"लीला, मग काय करायचं आपण?"

तिने खिडकीतून हात बाहेर काढून त्याच्याकडचं चटणीचं पुडकं घेतलं.

"तुम्ही या की," ती म्हणाली. "रविवारी मला सुट्टी असते."